ऑर्फामावशीची परवानगी

एखादा माणूस बावीस वर्षं एकच गोष्ट नेमाने करत राहिला आणि ती त्याला एकदाही साधली नाही, तर लोक त्याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. कारण निम्म्या गावाला मी भूमिती शिकवली आहे आणि उरलेल्या निम्म्याची मुलं सध्या माझ्या वर्गात आहेत. पण एप्रिलचा तिसरा आठवडा आला, रानात जांभळी-पांढरी झाडं फुलली आणि टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम उघडला, की गावाला एकदम माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागते.

हंगाम सोमवारी उघडतो. त्या सोमवारी मी 'दातांचं काम' असं लिहून रजा टाकतो. बावीस वर्षांत माझ्या तोंडातले बावीस दात कामाला आले, तरी मुख्याध्यापकांनी कधी हूं की चूं केलं नाही, कारण त्या दिवशी त्यांच्याही आत्याचा अंत्यविधी असतो. मंगळवारी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, दात हाती लागला का?" मी फळ्याकडे वळतो आणि त्रिकोण काढतो.

आमचा शेजारी बर्ल मॅडॉक्स घरगुती गॅसच्या टाक्या भरतो आणि दर हंगामात कायद्याने मारता येतात ते टर्कीचे दोन्ही नर, सकाळी सातच्या आत, जणू दूध आणायला गेल्यासारखे घेऊन येतो. अशा माणसाचा सल्ला ऐकू नये तर कोणाचा ऐकावा? पहिल्याच वर्षी त्याने मला कुंपणावरून सांगितलं, "मास्तर, साबणाला हात लावायचा नाही. शिकारीचा शर्ट धुवायचा नाही. टर्कीचं नाक फार तिखट असतं." मी चार वर्षं तो शर्ट धुतला नाही. चौथ्या वर्षी माझी बायको नेडीन म्हणाली, "लाइल, एक तर तो शर्ट ओसरीवर झोपेल नाहीतर तू." त्या रात्री शर्ट आणि मी, दोघेही ओसरीवर झोपलो. टर्कीला वास जवळजवळ येतच नाही, हे मला पाचव्या वर्षी कळलं. बर्लला ते आधीपासून माहीत होतं.

मादीचा आवाज काढायची शीळ हे आणखी एक प्रकरण. ती घोड्याच्या नालाएवढी नसते, पण तोंडात ठेवल्यावर तेवढी वाटते. रबराची पातळ पट्टी जिभेने टाळूला दाबून धरायची आणि फुंकायचं, म्हणजे प्रेमात पडलेल्या मादीची साद निघते. माझ्या तोंडून निघायचा तो पाण्याच्या नळात हवा अडकल्याचा आवाज. घरी सरावाला बंदी असल्यामुळे मी मधल्या सुट्टीत शाळेच्या तळघरात, बॉयलरच्या मागे जाऊन बसायचो. दोन दिवसांनी जिल्ह्याहून दोन नळकारागीर आले. त्यांनी बॉयलर उघडला, तीन नळ्या बदलल्या आणि अहवालात लिहिलं की बिघाड मधल्या सुट्टीतच होतो. तो अहवाल अजून शाळेच्या दफ्तरी आहे आणि मी त्याबद्दल कोणाशी बोललेलो नाही.

पण शिकारीला सगळ्यात आधी लागते ती जागा. आमच्या या डोंगरात दुसऱ्याच्या जमिनीत शिकार करायची तर मालकाच्या दारात जाऊन विचारावं लागतं. फोनवर विचारलेलं चालत नाही. ओसरीच्या खाली उभं राहायचं, टोपी हातात घ्यायची, आधी पावसापाण्याचं बोलायचं आणि मग विचारायचं. पक्षी मिळाला तर त्याच्या छातीचं मांस मालकाच्या घरी पोचवायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे सगळे पाळतात.

बावीस वर्षांपूर्वी मी असाच ऑर्फा टिंडलच्या ओसरीखाली उभा राहिलो. तिला सगळं गाव ऑर्फामावशी म्हणतं. तेव्हा ती पासष्टीची होती, नवरा होबार्ट वारून वर्ष झालं होतं आणि एकशेसाठ एकरांवर ती आणि एक म्हातारं मांजर राहायचं.

"मावशी, शिकार करू का?"

तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं. "मास्तर ना तू?"

"हो."

"शिडीवर चढता येतं?"

मला वाटलं, म्हातारी माझ्या दमाची परीक्षा घेते आहे. ती शिडीचीच चौकशी करत होती. छपराच्या पन्हळींत होबार्ट गेल्यापासूनचा पाला साठला होता. मी तीन तास पाला काढला, आत बसून दोन कप कॉफी प्यायलो, आणि मग मावशीने दारातून हाताने एक मोठा अर्धवर्तुळाकार झोका दिला आणि म्हणाली, "जा, कर शिकार." त्या झोक्यात समोरची टेकडी, तिच्यामागची टेकडी आणि थोडंफार शेजारचं आर्कान्सा राज्यही आलं. मी टेकडी निवडली. कुरणाच्या टोकाचं तारेचं कुंपण ओलांडलं की चढ लागायचा आणि वर ओकची उंच झाडं होती. पहाटे तिथून नर आरोळ्या द्यायचे.

दुसऱ्या वर्षी पन्हळी होत्याच, शिवाय ते कुंपण होतं. तिसऱ्या वर्षी पन्हळी, कुंपण आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर. मावशीच्या कारभारात नवीन काम आलं म्हणून जुनं काम कधी रद्द झालं नाही. दहाव्या वर्षापर्यंत मी मार्चमध्ये सुरुवात करू लागलो आणि पंधराव्या वर्षापासून फेब्रुवारीत. शिकार तीन आठवड्यांची आणि परवानगी तीन महिन्यांची असा तो हिशोब होता. नेडीन म्हणायची, "आपल्या पन्हळीतून रोपटं उगवलंय लाइल. मी तुला परवानगी देऊ का कशाची तरी?"

आणि टेकडीवर? सातव्या वर्षी एक नर चाळीस पावलांवर आला आणि मला शिंक आली. अकराव्या वर्षी झाडाला टेकून डोळा लागला. उघडून पाहतो तर तो समोर दहा पावलांवर उभा, माझ्याकडे बघतोय. त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. सोळाव्या वर्षी मी पहिली आणि यंदापर्यंतची एकमेव गोळी झाडली आणि माझा कॉफीचा थर्मास जागीच ठार झाला. बाकी सगळ्या वर्षी एकच व्हायचं. पहाटे झाडावरून आरोळी, मी साद घालायचो, तो उत्तर द्यायचा, मग खाली उतरायचा आणि माझ्याकडे पाठ करून कुंपणापलीकडे, मावशीच्या घराच्या दिशेने चालू लागायचा. दरवेळी मी माझ्या शिळेला दोष दिला. दर वर्षी मावशीला सांगितलं, "पुढच्या वर्षी नक्की. छातीचं मांस तुमचं." ती म्हणायची, "मी वाट बघते."

यंदा फेब्रुवारीत पन्हळी साफ करायला गेलो तर मावशीने शिडीच आणून दिली नाही. कॉफी ओतली आणि म्हणाली, "बस, मास्तर. मी जमीन विकतेय. मुलगी म्हणते टल्सा शहरात माझ्याकडे ये. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. हंगामाच्या पहिल्या शनिवारी ती न्यायला येणार आहे."

मी कप खाली ठेवला. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईने मुलीकडे जावं यात गैर काहीच नव्हतं. पण बावीस वर्षं शब्द देऊन मी तिला एकही पक्षी खाऊ घातला नव्हता, आणि आता माझ्या हातात हंगामाचे फक्त पाच दिवस होते. सोमवार ते शुक्रवार. त्या दिवशी मी ठरवलं की पाच दात गेले तरी चालतील, पण मावशी तो घास खाल्ल्याशिवाय टल्साला जाणार नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मोजणीदार आला. विक्रीच्या कागदांसाठी हद्द मोजायची होती. मी कौतुकाने त्याच्यामागे हिंडलो. आपला विषय! त्याने कुंपणाच्या खांबाखांबांना नारिंगी फिती बांधल्या आणि सामान आवरायला घेतलं.

"अहो, टेकडी राहिली," मी म्हणालो.

"कुठली टेकडी?"

"ही काय, कुंपणाच्या पलीकडची."

"हद्द इथे संपते, सर. पलीकडे वेंडेल क्राउचची जमीन."

मी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या नोंदणी कचेरीत गेलो. खिडकीमागे ग्लेनिस बसली होती. ही ग्लेनिस माझ्याकडे भूमितीत दोनदा नापास झालेली. तिने मोठा नकाशा उलगडला आणि फार प्रेमाने पेन्सिल हातात घेतली.

"हे बघा सर. हा बिंदू अ, हा बिंदू ब. मधलं कुंपण म्हणजे सरळ रेषा. आता टेकडी रेषेच्या कोणत्या बाजूला आहे?"

"पश्चिमेला," मी म्हणालो.

"आणि टिंडलची जमीन?"

"पूर्वेला."

"शाब्बास," ग्लेनिस म्हणाली. तिने ते मोठ्याने म्हणायची काही गरज नव्हती. रांगेत माणसं होती.

म्हणजे बावीस वर्षं मी एका बाईची परवानगी घेऊन दुसऱ्याच माणसाच्या जमिनीत घुसत होतो, आणि रेषा हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. घरी येऊन मी नेडीनला सांगितलं. ती आत गेली, दार लावून घेतलं आणि बराच वेळ आतून काहीतरी आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पुसलेले होते. "जा आणि वेंडेल क्राउचची माफी माग," ती म्हणाली. "आणि लाइल, जाताना रस्ता विचारून घे."

वेंडेल क्राउच ऐंशीचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या वळूने मावशीचा फुलांचा ताटवा तुडवला होता. त्याने माफी मागितली नाही, तिने ती गोष्ट सोडली नाही, आणि तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मी त्याच्या ओसरीखाली टोपी काढून उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. तो झुलत्या खुर्चीत बसून ऐकत होता.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं?" तो म्हणाला. "मला वाटलं, चोरून येतोस. मी म्हटलं, एवढा आवाज करणारा चोर पाहिला नाही."

"मग हाकललं का नाही मला?"

"कुंपण अर्धं तिचं, अर्धं माझं. दर वर्षी माझं अर्धंही तूच ताणून द्यायचास. नव्या तारा, नवे खांब. मी कशाला तोंड उघडू?" तो थोडा झुलला. "शिवाय पहाटे तुझी ती शीळ ऐकायला मी कॉफी घेऊन बाहेर बसायचो. माझी बायको होती तोवर ती पण बसायची. ती म्हणायची, या मादीला डॉक्टरकडे न्या."

माझा जेवढा म्हणून मान शिल्लक होता तेवढा गोळा करून मी म्हणालो, "मग यंदा रीतसर परवानगी द्या."

"जा की. खुशाल जा. पण तिथे बसून काय करणार आहेस? माझ्या टेकडीवर नर फक्त झोपायला येतात. उजाडलं की सगळे तिच्याकडे. ती दाणे टाकते ना."

"कोण दाणे टाकते?"

"ऑर्फा," वेंडेल म्हणाला. कितीतरी वर्षांनी ते नाव त्याच्या तोंडून निघालं असावं, कारण ते त्याला नीट उच्चारता आलं नाही.

हंगामाच्या आदल्या शनिवारी सकाळी मी मावशीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सगळीकडे खोकी भरलेली होती. मी आवाज शक्य तितका कोरडा ठेवला.

"मावशी, ती टेकडी तुमची नाही."

"नाहीच मुळी. वेंडेलची आहे."

"मग मला परवानगी कशी दिलीत?"

"तू विचारलंस, शिकार करू का. मी म्हटलं कर. कुठे ते तू विचारलं नाहीस. मला वाटलं भूमितीचा मास्तर आहे, त्याला दिशा कळत असतील."

"आणि दाणे?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. "नऊ वाजू देत." नऊला कुरणातून मागच्या अंगणात तीन नर आले. खिडकीपासून वीस पावलांवर त्यांनी पिसारे फुलवले, जमीन उकरली, घराकडे माना वर करून पाहिलं. मी बावीस वर्षं चिखलात, गोचिडांत, काट्यांत पडून ज्यांची वाट पाहिली ते इथे न्याहारीला येत होते.

"मावशी," मी म्हणालो, आणि उठून खिडकीशी गेलो.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्या वर्षी पन्हळी झाल्यावर तू या खुर्चीवर बसलास. होबार्ट गेल्यावर त्या खुर्चीवर बसलेला तू पहिला माणूस. दोन कप कॉफी झाली, तुझ्या त्या नापास मुलांच्या गोष्टी झाल्या. मी म्हटलं, याला लगेच नर मिळाला तर हा पुढच्या वर्षी कशाला येईल? दुसऱ्या दिवसापासून दाणे टाकायला लागले." मग ती उठली आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे उपडा केला. तो रिकामा होता. "यंदा एक एप्रिलपासून बंद केलेत. शिकारखात्याच्या माणसाला फोन करून विचारलं. दाणे असतील तिथे मारायचा नाही, आणि शेवटचा दाणा उचलल्यावरही दहा दिवस थांबायचं, म्हणाला. मी सगळं अंगण हाताने वेचलं आणि वीस दिवस धरले. हे नुसते सवयीने येतात. पुढच्या वर्षी मी इथे नाही, मग तुला अडकवून कशाला ठेवू? सोमवारी ये आणि घे एक."

मला राग यायला हवा होता. मी घरून येताना तो तयार करून आणला होता. पण सत्त्याऐंशी वर्षांची बाई गुडघ्यांवर बसून अंगणातले मक्याचे दाणे वेचते आहे, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिलं, आणि मी बराच वेळ चष्मा पुसत बसलो.

सोमवारी मी मावशीच्या परसातल्या लाकडांच्या ढिगामागे बसलो. मावशी गोधडी गुंडाळून, स्वयंपाकघरातून बाहेर आणलेल्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसली. शिकारीत बोलायचं नसतं, हे मी तिला सांगितलं. तिने ते मान्य केलं आणि मग टल्साच्या घराबद्दल, मुलीच्या स्वयंपाकाबद्दल आणि माझ्या शर्टाच्या रंगाबद्दल बोलली. नऊ वाजून दहा मिनिटांनी मोठा नर कुरणात आला.

"मार की," ती म्हणाली.

"मावशी, हा अगदीच पाळलेला वाटतो."

"पाळलेला नाही, लाडावलेला आहे. तुझ्यासारखा. मार."

मी मारला. बावीस वर्षांनी एका गोळीत. मी इतका गडबडलो की कायद्याने पक्ष्याच्या पायाला बांधायची परवान्याची चिठ्ठी मी माझ्या बुटाच्या नाडीला बांधली. मावशीने वाकून ती सोडवली. मला आनंद झाला, खरंच झाला. पण त्याच्या पाठोपाठ असं वाटलं की हे आणखी एखादं वर्ष लांबलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला नेडीनने छातीच्या मांसाचे तुकडे पिठात घोळवून मावशीच्याच कढईत तळले. वेंडेल लोणच्याची बरणी घेऊन आला आणि ओसरीच्या पायरीवर थांबला. मावशीने जाळीच्या दारातून त्याला पाहिलं. "आत ये वेंडेल, माश्या येताहेत," ती म्हणाली. पंचवीस वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं. मग तिने पहिला घास घेतला. आम्ही तिघं बघत राहिलो. ती खूप वेळ चावत होती.

"चिवट आहे," शेवटी ती म्हणाली. "इतकी वर्षं याच्यासाठी?" आणि तिने दुसरा तुकडा घेतला.

शनिवारी मुलीच्या गाडीत बसताना तिने मला काहीही काम सांगितलं नाही. हे इतकं विचित्र वाटलं की मी उगाच गाडीच्या चाकांतली हवा तपासली.

पुढच्या शनिवारी मी वेंडेलच्या टेकडीवर गेलो. दुसरा नर मारायचा परवाना खिशात, मालकाची संमती, सगळं कायदेशीर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या टेकडीवर हक्काने बसलो होतो. उजाडताना नराने आरोळी दिली. मी साद घातली. आणि आता खाली अंगणात दाणे नसल्यामुळे तो खरोखरच माझ्याकडे चालत येऊ लागला. मी त्याला काही पावलं येताना पाहिलं, मग उठलो, बंदुकीतली काडतुसं काढली, ती घरी जाऊन ठेवली आणि नेडीनला म्हणालो, "चल, फिरून येऊ."

टल्सा चार तासांवर आहे. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली गाड्यांचा तळ आणि एक वाण्याचं दुकान. मावशीने दार उघडलं. एका आठवड्यात ती जरा लहान झाल्यासारखी दिसत होती.

"हंगाम सोडून इथे काय करतोस?"

मी टोपी काढून हातात घेतली. "विचारायला आलो. शिकार करू का?"

तिने मला टोपीपासून बुटांपर्यंत पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून खालच्या गाड्यांच्या तळाकडे. नेडीनने तिचा हात धरला.

"कर," ती म्हणाली. "पण आधी ती खिडकी बघ. आल्यापासून उघडत नाही."

मी हत्यारांची पेटी आणायला खाली गेलो. ती मी निघतानाच गाडीत टाकली होती.